दीक्षाभूमीला निघालेली गाडी आणि आत बसलेल्यांचा विमा

यंदा 22 सप्टेंबरला दोन गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या. माहूर गडावर घटस्थापना झाली आणि देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांवरचा 28 टक्के कर आणि वरचा उपकर जाऊन आता 18 टक्के कर राहिला आहे. ‘महिन्याला फक्त इतका हप्ता’ अशा जाहिरातींनी मोबाईल भरून गेले आहेत. गडावर भाविकांच्या गाड्यांची रांग लागली असताना माहूर, किनवट परिसरातील आपल्या वस्त्यांमध्ये मात्र वेगळी तयारी सुरू आहे. 2 ऑक्टोबरला अशोक विजयादशमी आहे. नागपूरला कोण कोणत्या गाडीत बसणार, डिझेलचे किती पडतील, रात्री निघायचे की पहाटे, याची बोलणी चालू आहेत.

या बोलण्यांत एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गाडीचा विमा कोणता आहे? विचारलाच तर उत्तर ठरलेले असते: ‘आहे की, थर्ड पार्टी भरलाय.’ आमचे म्हणणे असे की, ज्या समाजात एका गाडीत घरातले तीन कमावते हात एकत्र बसून निघतात, त्या समाजाला हे उत्तर परवडणारे नाही.

थर्ड पार्टीत ‘तिसरा’ कोण?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 नुसार थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी 2,000 आणि पुन्हा सापडल्यास 4,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून बहुतेक जण हा विमा पोलिसाला दाखवायचा कागद म्हणून काढतात.

आपल्या गाडीने रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर त्याची भरपाई या विम्यातून मिळते. पण आपल्याच गाडीत मागच्या सीटवर बसलेली मावशी, मित्र, शाखेचा कार्यकर्ता यांचे काय? खासगी कारचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर त्या प्रवाशांच्या भरपाईची जबाबदारी सर्वसाधारणपणे कंपनीवर येत नाही. पूर्ण विमा, म्हणजे आपण ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो तो असेल, तर येते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. फुल इन्शुरन्स म्हणजे पत्रा आणि बंपरची भरपाई, असा आपल्याकडे समज आहे. खरे तर त्यात आत बसलेल्या माणसांचाही विचार आहे.

मालवाहू गाडीची स्थिती याहून कठीण आहे. पिकअप, छोटा हत्ती किंवा टेम्पोत सतरंजी टाकून माणसे बसवली आणि अपघात झाला, तर त्या माणसांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितले. मालासोबत जाणारा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी एवढाच अपवाद आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा शेतीकामासाठी असतो, जयंतीला किंवा यात्रेला माणसे नेण्यासाठी नसतो. पांढऱ्या नंबरप्लेटच्या कारमध्ये सीटमागे भाडे घेऊन माणसे नेली तर तो पॉलिसीच्या अटीचा भंग ठरतो. अशा वेळी न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते. लाखांची ती वसुली मग गाडीवाल्या तरुणाच्या घरावर येते.

इथे चाळीसगावची आठवण होते. 1929 मध्ये बाबासाहेब तिथे गेले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना वस्तीपर्यंत न्यायला नकार दिला. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसवला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पायाला जबर दुखापत झाली. दोष त्या माणसांचा नव्हता, टांगा नाकारणाऱ्या जातीचा होता. आज टेम्पोत बसून नागपूरला जाणारेही हौसेने तसे जात नाहीत. गरिबीमुळे जातात. पण इच्छा कितीही चांगली असली तरी वाहन योग्य हवे, एवढा धडा त्या प्रसंगातून आपण घ्यायलाच हवा.

महिन्याचा हिशेब

विम्याच्या हप्त्यात दोन भाग असतात, ते वेगळे करून पाहिले की तुलना सोपी होते.

पहिला भाग थर्ड पार्टीचा. याचा दर सरकार ठरवते. 1 जून 2022 पासून खासगी कारसाठी 1,000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1,000 ते 1,500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्यावर 7,897 रुपये असा वर्षाचा दर आहे. कंपनी कोणतीही असो, गाव माहूर असो की मुंबई, हा आकडा तोच. ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असे कुणी सांगत असेल तर पावती नीट बघा. बनावट पॉलिसी असू शकते.

दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. याचा दर कंपनी ठरवते. तुलना करायची ती इथे.

एक उदाहरण घेऊ. 1,197 सीसीची पेट्रोल कार आहे. गाडीच्या नुकसानीचा भाग 4,000 रुपये धरू. हा आकडा गाडीचे वय, किंमत आणि कंपनीनुसार बदलेल. फक्त थर्ड पार्टी घेतला तर 3,416 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून सुमारे 4,031 रुपये. महिन्याला 336. फुल इन्शुरन्स घेतला तर 7,416 रुपये आणि जीएसटी, मिळून सुमारे 8,751 रुपये. महिन्याला 729. फरक महिन्याला 393 रुपयांचा, म्हणजे दिवसाला तेरा रुपयांचा. यात मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा धरलेला नाही; तो आधीच नसेल तर आणखी काही शे रुपये वर्षाला जोडा.

विम्याचा पैसा वर्षातून एकदाच भरायचा असतो, म्हणून त्या दिवशी 8,751 हा आकडा मोठा वाटतो आणि हात थर्ड पार्टीकडे वळतो. दर महिन्याला 730 रुपये बाजूला टाकले तर तो दिवस जड जात नाही. बचत गट चालवणाऱ्या आपल्या आयाबहिणींना हे शिकवायची गरज नाही. गाड्या घेणाऱ्या तरुणांनी त्यांच्याकडून शिकावे.

तुलना करताना काय पाहावे

सगळ्यात आधी गाडीची ठरवलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, सगळ्या कोटेशनमध्ये सारखी करून घ्या. हप्ता कमी दिसावा म्हणून बऱ्याचदा ही किंमतच कमी धरलेली असते. गाडी चोरीला गेली तर भरपाई त्याच किमतीच्या हिशेबाने मिळते.

घसारा विचारा. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर निम्मी रक्कम कापली जाते. झिरो डेप घेतले तर ती कापत नाहीत, पण जुन्या गाडीला ते सहसा मिळत नाही.

पुराचा विचार करा. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात काय झाले ते आपण पाहिले. फुल इन्शुरन्समध्ये पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केल्यामुळे इंजिन गेले तर साधी पॉलिसी ते देत नाही. त्यासाठी इंजिनचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पैनगंगेच्या काठावर राहणाऱ्याने हे नक्की विचारावे.

कॅशलेस गॅरेज कुठे आहे तेही पाहा. नांदेड माहूरपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. पुसद किंवा यवतमाळला सोय असलेली कंपनी आपल्याला जास्त उपयोगाची.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी एक इशारा. शोरूममध्ये थर्ड पार्टी तीन वर्षांचा घेतला जातो, पण गाडीच्या नुकसानीचा विमा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. ‘तीन वर्षे बघायला नको’ म्हणून अनेक जण दुसऱ्या वर्षी तो भरतच नाहीत. शिवाय शोरूमवाला देईल तीच पॉलिसी घेण्याचे बंधन नाही.

सेकंड हँड गाडी घेतली तर चौदा दिवसांच्या आत विमा नावावर करण्यासाठी अर्ज द्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. आणि गाडी विकली असेल तर फक्त फॉर्मवर सह्या करून मोकळे होऊ नका. आरटीओत ज्याचे नाव आहे तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटले आहे.

क्लेम नाकारला तर एजंटच्या मागे फिरत बसू नका. कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

सरकारला आमचा प्रश्न

1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मध्ये बाबासाहेबांनी विमा हा धंदा शासनाच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. सक्ती करणाऱ्या शासनाने जबाबदारीही घ्यावी, हा त्यामागचा अर्थ आम्ही घेतो. आज थर्ड पार्टीची सक्ती आहे, दरही सरकारच ठरवते, आणि त्याच सक्तीच्या विम्यावर 18 टक्के करही घेते. 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला. मालवाहू वाहनांच्या थर्ड पार्टीवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला. मग मोटारसायकल आणि छोट्या कारवाल्याने काय केले आहे? गाडी स्वस्त केली, पण तिने धडक दिलेल्या गरिबाला भरपाई देणारा विमा तेवढाच महाग ठेवला. आपल्या संघटनांनी खासदारांना दिल्या जाणाऱ्या निवेदनांत ही मागणी घालावी.

ती मागणी मान्य व्हायला वेळ लागेल. 2 ऑक्टोबर मात्र जवळ आला आहे. निघण्याआधी प्रत्येक गाडीची पॉलिसी उघडून दोन गोष्टी वाचा: मुदत कधी संपते, आणि विमा फक्त थर्ड पार्टी आहे की फुल. टेम्पोऐवजी प्रवासी परवान्याची गाडी किंवा एसटी ठरवता येते का, हे विहारात बसून बोला. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट घाला, रात्रभर जागलेल्याच्या हाती स्टेअरिंग देऊ नका. नागपूर दोनशे किलोमीटरहून लांब आहे आणि घरी परतही यायचे आहे.

जय भीम, नमो बुद्धाय.