एकाच धारेचा रेझर

तुमच्या घरात दाढीचा जुना डबा आहे का? माळ्यावरच्या ट्रंकेत, आजोबांच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात, शिवणाच्या मशीनच्या खणात? असेल तर हा लेख वाचून होईपर्यंत तो भंगारवाल्याला देऊ नका. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या घरातला डबा जवळजवळ गेलाच होता, म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

आजचा विषय सेफ्टी रेझर, आणि त्यातही सिंगल-एज, म्हणजे एकाच बाजूने धार असलेला. आपल्याला माहीत असतो तो दुसरा. दांडा फिरवायचा, वरचं झाकण उघडायचं, पातळ ब्लेड ठेवायचं, पुन्हा फिरवून घट्ट करायचं. त्या ब्लेडला दोन्हीकडे धार असते. त्याच ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने आपल्या आईबाबांनी शाळेत पेन्सिलींना टोक काढलं आणि घरोघरच्या आज्यांनी शिवण उसवली.

सिंगल-एजचं पातं वेगळं असतं. एका बाजूला धार आणि दुसऱ्या बाजूला जाड कणा, एखाद्या छोट्या सुरीसारखा. दोन धारांचं ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. 'जेम' प्रकारचं एकधारी ब्लेड त्याच्या दुपटीहून जाड. गालावर हा फरक लगेच कळतो. राठ केसाला लागलं की पातळ ब्लेड किंचित थरथरतं, जाड पातं सरळ पुढे जातं.

मी असे रेझर जमवतो. संग्रह म्हणण्याइतके नाहीत, पाच आहेत. मित्रांना हा म्हातारपणीचा छंद वाटतो. वाटू दे.

खरं तर दाढी ही स्वतः करायची गोष्ट आहे, हेच आपल्याकडे नवीन आहे. गावगाड्यात न्हावी हा बारा बलुतेदारांपैकी एक. धोपटी घेऊन तो घरी यायचा आणि वर्षाचं बलुतं धान्यात घ्यायचा. गांधीजींनी आत्मकथेत म्हटलंय की विलायतेला जाणारा हिंदी माणूस निदान स्वतःची दाढी करायला तरी शिकतोच. म्हणजे शिकायला समुद्र ओलांडावा लागत होता!

वस्तरा ज्याच्या हातात, त्याच्यापुढे राजासुद्धा गळा उघडा टाकून बसतो. या वाक्याची एक गोष्ट आमच्या जबलपूरच्या शेजारची आहे. वारकरी परंपरेतले संत सेना न्हावी हे बांधवगडच्या राजाच्या पदरी होते, असं परंपरा सांगते. बांधवगड म्हटलं की सगळ्यांना वाघ आठवतो. जबलपूरहून गाडीने चारेक तासांवर आहे, आम्हीही वाघच बघायला गेलो होतो. पण कथा अशी की सेना पूजेत रमले, राजाचं बोलावणं राहून गेलं, तेव्हा त्यांचं रूप घेऊन, धोपटी काखोटीला मारून देवच हजामत करायला गेला. देवाने भक्तासाठी दळणकांडण केल्याच्या कथा आपण ऐकतो. वस्तरा हातात घेतल्याची मला ही एकच माहीत आहे.

आणि हाच वस्तरा खाली ठेवण्यातही ताकद होती. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी मंडळी एकत्र आली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. सुधारणेवर भाषणं देणारे तेव्हा पुष्कळ होते. पण ज्याच्या हातून ते काम व्हायचं, तोच नाही म्हणाला. शाळेच्या पुस्तकात हे जेवढ्या ओळींत असतं, त्यापेक्षा जास्त जागा त्याला मिळायला हवी.

तिकडे अमेरिकेत साधारण त्याच काळात वस्तरा दुसऱ्याच्या हातातून स्वतःच्या हातात आणण्याची खटपट चालू होती. १८८० मध्ये कॅम्फे बंधूंनी 'स्टार' रेझरचं पेटंट घेतलं. युक्ती सोपी होती. वस्तऱ्याचा छोटा तुकडा घ्यायचा, त्याच्यापुढे कातडी वाचवणारी पट्टी लावायची आणि खाली दांडा द्यायचा. म्हणजे पहिला लोकप्रिय सेफ्टी रेझर एकधारीच होता. ऑलिव्हर वेंडेल होम्स हा डॉक्टर-लेखक युरोपच्या प्रवासात तो घेऊन गेला आणि १८८७ च्या प्रवासवर्णनात त्याने त्याची मनापासून तारीफ केली. एक काम मात्र उरलंच होतं. पातं बोथट झालं की चामड्यावर घासून त्याला धार द्यावी लागायची. म्हणजे न्हाव्याचं निम्मं काम घरी आलं होतं.

ते निम्मं काम ज्याने काढून टाकलं, तो किंग कॅम्प जिलेट. हा आधी सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं करणाऱ्या कंपनीत विक्रेता होता. ते बूच शोधून काढणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता की लोक वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घेतील, असं काहीतरी काढ. जिलेटने तो फारच मनावर घेतला. अडचण पोलादाची होती. कागदासारख्या पातळ पत्र्याला टिकेल अशी धार देता येत नव्हती. विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवलं. १९०३ मध्ये विक्री सुरू झाली, त्या वर्षी खपले फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्या वर्षी, १९०४ मध्ये, पेटंट मिळालं आणि मग थांबणं नव्हतं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारनेच रेझर दिले. घरी परतताना ते ती सवय सोबत घेऊन आले.

१९०४ हेच आमच्या गन कॅरेज फॅक्टरीचं वर्ष. जबलपूरला आलेल्या कितीतरी मराठी घरांची कहाणी त्या फाटकापासून सुरू होते, आमचीही. पणजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विदर्भातून इथे कामाला आले. माळ्यावरून निघालेला डबा त्यांचा.

डबा म्हणजे साबणदाणीएवढी जाड निकेलची पेटी. झाकणावर अक्षरं: 'रोल्स रेझर', 'मेड इन इंग्लंड'. रोल्स-रॉइस गाडीशी त्याचं काही नातं नाही, बाबांना अजून पटत नाही ते सोडा. पेटीला दोन झाकणं आहेत. एकाच्या आत धार लावायचा दगड आणि दुसऱ्याच्या आत चामड्याचा पट्टा. मधे एकच भक्कम पातं. एक झाकण काढायचं आणि दांडा मागेपुढे सरकवायचा. प्रत्येक टोकाला पातं आपोआप उलटतं आणि दुसऱ्या अंगाने घासलं जातं. मग तेच पातं काढून दांड्याला लावायचं आणि दाढी करायची. ब्लेड विकत आणायचा प्रश्नच नाही.

बाबा म्हणाले, "गंजलंय, देऊन टाक." मी सहज दांडा सरकवला. खटक्, खटक्. स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली.

"अरे, मामंजींचं मशीन ते! कुठं सापडलं?"

मग ती बसलीच. "सकाळी सहाला हे खटक्-खटक् सुरू झालं की मी चहाचं आधण ठेवायची. आवाज थांबला की समजायचं, आता तोंडाला फेस लागला, आता कुणी काही विचारायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे टाइपरायटर चालवतात की काय!" पणजोबांचा एकही फोटो आमच्याकडे धड नाही. एका ग्रुप फोटोत ते मागच्या रांगेत आहेत, तेही अर्धे. पण त्यांची सकाळ किती मिनिटांची होती, ते आता मला माहीत आहे.

रोल्स कंपनीचा शेवट मात्र विचित्र झाला. दाढीचा धंदा मंदावल्यावर जॉन ब्लूम या तरुण व्यापाऱ्याच्या हाती तिचं नाव गेलं. त्याने त्या नावाने स्वस्त वॉशिंग मशीन विकली आणि १९६४ मध्ये सगळं कोसळलं. ज्या कंपनीने एक पातं वर्षानुवर्षं चालवून दाखवलं, ती कपडे धुण्याच्या यंत्रांत बुडाली.

बाकीचे चार मी गोळा केलेत. दोन 'जेम', एक 'एव्हररेडी' आणि एक 'शिक इंजेक्टर'. पहिला जेम आमच्या गुरंदी बाजारात मिळाला. "भैया, ये नल का पुराना पार्ट है," असं दुकानदाराने सांगितलं, म्हणून नळाच्या भावात पडला. इंजेक्टर मला सगळ्यात आवडतो. जेकब शिक हा अमेरिकी फौजेतला अधिकारी. बंदुकीत एकामागून एक गोळ्या सरकतात, तशी रेझरमध्ये एकधारी पाती सरकवायची कल्पना त्याने १९२० च्या दशकात प्रत्यक्षात आणली. तोफांचे गाडे बनवणाऱ्या गावात राहणाऱ्याला हे सांगून समजवावं लागत नाही.

माझं मत विचाराल तर जिलेट जिंकला तो जास्त गुळगुळीत दाढीमुळे नाही. त्याने सकाळचं एक काम कमी केलं, म्हणून जिंकला. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला ते पुरेसं होतं. आपल्याकडे मग टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक आणि ठाण्याचा सुपरमॅक्स यांच्या छोट्या पुड्या किराण्याच्या दुकानात लटकल्या, आणि धार लावणं ही क्रिया घरातून गेली. 'परजणे' हे क्रियापद आता फक्त तलवारीसाठी उरलंय.

वापरायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. जुना रेझर आधी कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा. चिंच, लिंबू, ॲसिड काही लावू नका, निकेलचा मुलामा जातो. गंजाने खड्डे पडलेलं पातं चेहऱ्याला अजिबात लावू नका, ते शोकेसमध्ये शोभतं. रंग खरवडायला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एकधारी ब्लेड मापाने जेमसारखंच दिसतं. ते रंगासाठीच ठेवा, गालासाठी नाही. दाढीची खरी जेम ब्लेडं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावी लागतात आणि तीही स्वस्त नसतात.

हात कसा ठेवायचा? जेमचं डोकं आधी गालावर सपाट टेकवा, मग दांडा अगदी थोडा खाली आणा. जोर लावू नका, वजन रेझरचं स्वतःचं असतं. केसांच्या दिशेनेच फिरवा, आणि शेवटी थंड पाणी आणि तुरटी. चिडचिड झाली असेल तिथे तुरटी झोंबून पत्ता सांगते.

आता एक गोष्ट जी छंदाची नाही. वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतो ना आपण? तो कागद ओला होतो, फाटतो, आणि कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात ब्लेड जातं. झाकणाचा पत्र्याचा एक डबा घ्या, झाकणाला फट पाडा, ब्लेडं त्यात टाका. भरायला कित्येक वर्षं लागतात. भरला की फटीवर पक्की चिकटपट्टी लावा आणि कचरागाडीवाल्याच्या हातात देताना आत काय आहे ते सांगा.

पणजोबांचं पातं दाढीला लायक आहे का, हे विचारायला मी गोरखपूर भागातल्या आमच्या सलूनमध्ये गेलो. तिथले काका गेली तीसेक वर्षं तरी खुर्चीमागे उभे आहेत. त्यांनी पातं उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवलं आणि म्हणाले, "धार तो है भैया। पर ग्राहक पूछेगा, नया ब्लेड लगाया ना?" पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी ब्लेडची पुडी काढली, कागदासकट मधोमध मोडली आणि अर्धा तुकडा उस्तऱ्यात सरकवला. बघा, दोन धारांच्या ब्लेडचं पुन्हा एकधारी झालं. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस रक्तातून पसरतात हे कळल्यापासून गिऱ्हाईक तो प्रश्न विचारतं, आणि विचारायलाच हवा. दुसऱ्याच्या हाताखाली मान द्यायची तर ब्लेड नवीनच हवं. म्हणून पणजोबांचं पातं सलूनमध्ये चालणार नाही. स्पिरिटने पुसून, चामड्यावर घासून ते घरीच चालतं, तेही फक्त माझ्या गालावर आणि फक्त रविवारी.

सध्या मी 'व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप'च्या शोधात आहे. त्याच्या डोक्यातूनच चामड्याचा पट्टा ओवून धार लावता येते, पातं काढावंही लागत नाही. हेन्री गेस्मन या संशोधकाची ती करामत, आणि १९३० मध्ये त्याची कंपनी जिलेटमध्ये मिसळली. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर तो निघाला तर मला विकू नका. एक फोटो काढा, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून तो कुणाचा होता ते कागदावर लिहा, आणि तो कागद डब्यातच ठेवा. आमच्या डब्यात आता आजीच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. तिने नाव लिहिलंय, खाली गाव लिहिलंय, आणि त्याखाली: "सकाळी सहा."