बदलीच्या नावावर जमा काय?

दापोडीहून पवना ओलांडली की जुनी सांगवी. तिथल्या ऋतुराज गायकवाडने ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादेत चेन्नईसाठी ९२ धावा काढल्या, त्या सर्वांना आठवतात. त्याच सामन्यात कल्याणचा तुषार देशपांडे अंबाती रायुडूच्या जागी मैदानात उतरला आणि आयपीएलमधला पहिला ‘इम्पॅक्ट प्लेअर’ ठरला. शुभमन गिलचा बळी त्याने घेतला, पण ३.२ षटकांत ५१ धावा गेल्या आणि सामनाही गेला. लोकांच्या लक्षात राहिले ते ५१.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये असा बदली गोलंदाज, म्हणजे ‘रिलीफ पिचर’, जुनाच आहे. पहिला गोलंदाज थकला की तो येतो. एके काळी ही जागा दुय्यमांची समजली जाई. १९६९ मध्ये ‘सेव्ह’ हा अधिकृत आकडा झाला आणि अखेरीस येऊन आघाडी राखणाऱ्याच्या नावावर काही जमा होऊ लागले. मारियानो रिव्हेराने असे ६५२ विजय राखले; २०१९ मध्ये हॉल ऑफ फेमवर एकमताने निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. काम पूर्वीचेच होते, वहीत फक्त एक रकाना वाढला. बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला त्या रकान्याची किंमत कळते. नोंद नसेल, तर हक्क कशाच्या आधारे सांगायचा?

आपल्या क्रिकेटने बदली खेळाडू आणला, रकाना मात्र आणला नाही. उलट या नियमामुळे शिवम दुबे, वॉशिंग्टन सुंदर यांसारख्या अष्टपैलूंना गोलंदाजी मिळत नाही, अशी खंत रोहित शर्माने २०२४ मध्ये बोलून दाखवली.

तरीही तुषार तरला, कारण संघाने दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवले नाही. त्या हंगामात त्याने २१ बळी घेतले, चेन्नई विजेती झाली. २०२२ मध्ये वीस लाखांना घेतलेल्या या गोलंदाजासाठी २०२४ च्या लिलावात राजस्थानने साडेसहा कोटी मोजले. एका दिवसाचे मोजमाप वेगळे, हंगामाचे वेगळे.

दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, पलीकडे भोसरी, पुढे चाकण. ‘बदली’ म्हणजे काय, हे या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सलग एक वर्ष सेवा भरणाऱ्याला ‘बदली’ मानायचे नाही असे ठरवले होते. म्हणूनच वर्ष भरत आले की ‘ब्रेक’ देण्याची रीत पडली. बदली माणूस कमी पडतो असे आपण सहज म्हणतो. त्याचा हंगाम पुरा होऊ द्यायचा नाही, हे कोण ठरवतो, तेवढे मात्र विचारत नाही.