अडाण्यांच्या माथी मारलेला कौल

ब्रेक्झिटवरच्या व्याख्यानात परवा तोच जुना सिद्धांत ऐकला. शिकलेल्या, कमावत्या ब्रिटनने युरोपीय संघात राहायला मत दिले. अडाणी, बेकार ब्रिटन बसवर रंगवलेल्या आठवड्याला 35 कोटी पौंडांच्या थापेला भुलला. म्हणून असले प्रश्न जनतेला विचारूच नयेत! सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझा राग अजून उतरलेला नाही.

थाप होती, हे कबूल. पण ती इतक्या लोकांना खरी का वाटली?

वेल्समधले एब व्हेल घ्या. खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी गेल्या, 2002 मध्ये पोलादाचा कारखानाही गेला. युरोपच्या पैशातून पुढे रस्ते झाले, शिक्षणाच्या नव्या सोयी झाल्या. तरी 2016 च्या सार्वमतात त्या परिसराने 62 टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने टाकली. वक्ते म्हणाले, कृतघ्न! शिकून पोरांनी कामाला जायचे कुठे, हे त्यांनी सांगितले नाही. बापाने भट्टीवर राबून घर चालवले, मुलगा तात्पुरत्या कंत्राटावर दिवस काढतो. त्याने कोनशिलेवरचा युरोपचा झेंडा बघून हात जोडायचे काय? खाणी बंद पाडण्याचे धोरण ब्रसेल्समधल्या युरोपीय संघाचे नव्हते, लंडनचे होते, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशीच्या मतपत्रिकेवर लंडनविरुद्ध फुली मारायची सोयच नव्हती.

याच देशाने 1975 मध्ये 67 टक्के मतांनी युरोपसोबत राहायचे ठरवले होते. तेव्हा मतदारांच्या पदव्या कोणी मोजल्या? कौल मनासारखा लागला की जनता सुज्ञ, विरुद्ध गेला की अडाणी, हा वाद मी विद्यार्थिदशेपासून ऐकतो आहे.

आणि बाहेर पडायला मत देणारे सगळे गरीब होते, हेही खोटे. लंडनबाहेरच्या सधन आग्नेय इंग्लंडनेही 51.8 टक्के मते तिकडेच टाकली.

परक्यांचा द्वेष होता, तो मी नाकारत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले हजारो गोंयकार ज्या स्विंडनमध्ये राबतात, तिथेही 54.7 टक्के मते बाहेर पडण्याला गेली. त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नव्याने जाऊन राहण्याची, काम करण्याची मुभा 2020 च्या अखेरीस संपली. हे नुकसान खरे आहे. बाहेर पडणे ही चूकच होती, असे माझेही मत आहे.

माझे म्हणणे एवढेच: बाजार खुला केल्याने ज्या गावाची रोजी जाते, तिथे दुसरे काम आधी उभे करावे. याला पैसा लागतो आणि तो नफा कमावणाऱ्या शहरांनी द्यायला हवा.

त्या वक्त्यांचे पुढचे व्याख्यान ऐकायला जाल, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी त्यांना विचारा: 2002 मध्ये एब व्हेलचा कारखाना बंद पडला, तेव्हा तुम्ही काय बोलला होतात?