परवाना हवाच, पण अनुदानासकट



पाळणाघरांना परवान्याची सक्ती करा, ही मागणी काही वर्षांनी एकदा जोरात वर येते. 2016 साली नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात लहान मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली, तेव्हाही ती झाली. मागणी रास्तच आहे. मूल दिवसभर जिथे राहते ती जागा कुणीतरी तपासलेली असावी, असे कोणत्या आईला वाटणार नाही? पण परवान्याबरोबर पैशांचे काय, हा प्रश्न या चर्चेत मागे पडतो. तो आम्हांला विचारायचा आहे.

सरकारचा पैसा पाळणाघरापर्यंत कसा पोचतो, ते आधी पाहू. 2006 साली राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. अनुदान मिळत असे ते संस्थेला. म्हणजे नोंदणी हवी, तपासलेले हिशेब हवेत, साधारण 25 मुले हवीत. 2017 पासून ही योजना केंद्र, राज्य आणि संस्था यांच्या वाट्याने चालू लागली. आपल्यासारख्या राज्यात ते प्रमाण 60, 30 आणि 10 टक्के होते. सेविकेचे मानधन तेव्हा महिना 3 हजार आणि मदतनिसाचे दीड हजार रुपये होते. 2015 च्या सुमारास देशभरात अशी 23 हजारांवर पाळणाघरे होती. 2020 मध्ये ती साडेसहा हजारांच्या आसपास उरली. 2022 पासून 'पाळणा' योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जात आहे. हे पाऊल चांगले आहे, पण 17 हजार पाळणाघरांचे उद्दिष्ट देशाच्या गरजेपुढे तुटपुंजे आहे.

मग बाकीची मुले कुठे असतात? कुणी आजीजवळ, कुणी आठ-दहा वर्षांच्या बहिणीजवळ. आणि बरीचशी वस्तीतल्याच एखाद्या मावशीकडे, जी आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सहा मुले सांभाळते. धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बायका कामावर जाऊ शकतात त्या या मावशीच्या जिवावर. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन 2017 च्या कायदादुरुस्तीने आले खरे, पण चार घरची कामे करणारी बाई कुठल्या आस्थापनेत मोजायची?

या मावशीची नोंद कुठल्याच सरकारी वहीत नाही. संस्था नाही म्हणून अनुदान नाही. अनुदान नाही म्हणून खोलीला जाळीचा दरवाजा नाही, वेगळे संडास नाही, हाताखाली दुसरी बाई नाही. आणि हे नाही म्हणून उद्या परवानाही मिळणार नाही. अशा वेळी नुसता परवान्याचा कायदा आला, तर शहरातली महागडी पाळणाघरे फी वाढवून कागद पुरे करतील. मावशीचे मात्र बंद पडेल, नाहीतर चोरून चालेल. चोरून चालणाऱ्या पाळणाघरात मूल जास्त सुरक्षित असते का?

परवाना आणि पैसा यांची सांगड वेगळ्या रीतीने घालता येते. फ्रान्समध्ये आपल्या घरी मुले सांभाळणाऱ्या बाईलाही सरकारी मान्यता मिळते. तिचे घर पाहिले जाते, तिला 120 तासांचे प्रशिक्षण मिळते, मुलांच्या संख्येवर मर्यादा असते आणि मान्यता पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते. आईबापांनी अशी मान्यताप्राप्त बाई ठेवली की खर्चाचा काही भाग सरकार त्यांना देते. त्यामुळे मान्यता घेण्यात बाईचाही फायदा असतो आणि आईबापांचाही. तिथली परिस्थिती वेगळी आहे, हे कबूल. पण घरात मुले सांभाळणे हे काम आहे आणि त्याचा खर्च समाजाने उचलायचा आहे, हे तत्त्व तर आपण घेऊ शकतो.

मुलांच्या सुरक्षिततेशी तडजोड करा, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. आधी सोपी, विनाशुल्क नोंदणी, तीही अंगणवाडीच्या पातळीवर. मग प्रशिक्षण आणि जागा सुधारायला पैसे. त्यासाठी ठरावीक मुदत. त्यानंतर तपासणी आणि परवाना. मारहाण वा हेळसांड झाली तर मात्र कारवाई पहिल्या दिवसापासून. आणि नूतनीकरणाचा कागद कचेरीत अडकला म्हणून सेविकेचे मानधन थांबता कामा नये. कचेरीच्या दिरंगाईचा भुर्दंड बाईने आणि मुलांनी का सोसावा?

एकेकटीला नोंदणी जड जात असेल, तर अहमदाबादेत 'सेवा'च्या भगिनींनी 'संगिनी' ही बालसंगोपनाची सहकारी संस्था उभी केली, तो मार्गही आपल्यापुढे आहे.

तेव्हा परवान्याच्या मागणीवर सही करण्याआधी आपापल्या वस्तीत एक काम करा. किती जणी मुले सांभाळतात, किती मुले आहेत, महिन्याला काय मिळते आणि त्यांना कशाची गरज आहे, याची यादी करा. ती आम्हांला पाठवा आणि आपल्या नगरसेविकेच्या वा सरपंचबाईंच्या हातीही द्या. कायद्याचा मसुदा कधीतरी येईल. त्याआधी या मावश्यांची नावे कागदावर यायला हवीत.