'हॅम'ची आद्याक्षरे : हौशी रेडिओच्या बोलीवर लादलेला खोटा इतिहास

#थ्रेड

१/ 'हॅम रेडिओ' हा शब्द निघाला की एक कथा हमखास पुढे सरकवली जाते. १९०८ साली हार्वर्डच्या हायमन, अल्मी आणि मरे या तीन तरुणांनी वायरलेस केंद्र उभारले. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे म्हणजे 'हॅम'. पुढे अमेरिकन काँग्रेसपुढे त्यांपैकी एकाने साक्ष दिली आणि हा शब्द अजरामर झाला. कथा देखणी आहे, आणि खोटी आहे.

२/ तिचीच दुसरी आवृत्ती म्हणजे हर्ट्झ, आर्मस्ट्राँग आणि मार्कोनी यांची आद्याक्षरे. आर्मस्ट्राँगचा जन्म १८९० चा आणि ज्या शोधाने त्याचे नाव झाले तो १९१२ चा. 'हॅम' मात्र त्याआधीच रुळलेला होता. जो अजून प्रसिद्धच झालेला नाही, त्याच्या नावावरून शब्द कसा पडेल?

३/ शब्दाचे खरे घर तारकचेरी. अडखळत, चुका करत संदेश पाठवणाऱ्या कच्च्या तारमास्तराला त्याचे सहकारी 'हॅम' म्हणून हिणवीत. डॉज यांच्या 'द टेलिग्राफ इन्स्ट्रक्टर' या शिकवणी-पुस्तकात हाच अर्थ नोंदलेला आहे. तारमास्तर वायरलेसकडे वळले, तशी ही शिवीही त्यांच्याबरोबर आली.

४/ व्यावसायिकांनी ती हौशी पोरांवर फेकली, कारण त्यांच्या घरगुती यंत्रांचा गोंगाट जहाजांच्या संदेशांत मिसळत असे. पोरांनी ती शिवी उचलली आणि छातीवर बिल्ल्यासारखी मिरवली. हा खरा इतिहास कोणत्याही आद्याक्षरांहून मोठा आहे.

५/ या मंडळींची बोली कशी घडली, हे त्यांच्या साधनांच्या नावांतच दिसते. गॅलिना या खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवून संदेश पकडत. त्या तारेचे नाव 'कॅट्स व्हिस्कर', म्हणजे मांजरीची मिशी. गॅलिनाच्या अशाच शोधकावर जगदीशचंद्र बोस यांना १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले होते.

६/ मंडल जोडायला फळी हवी म्हणून स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी उचलली, तिच्यावर खिळे ठोकले आणि तारा जोडल्या. त्यावरून शब्द झाला 'ब्रेडबोर्ड'. आज अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेतील प्लास्टिकची पांढरी पट्टी हेच नाव मिरवते. पाव मात्र कोणालाच आठवत नाही.

७/ प्रक्षेपकाची वारंवारता ठरवणारा क्वार्ट्झचा स्फटिक म्हणजे 'रॉक', नुसता दगड. एकच स्फटिक परवडणारा गडी 'रॉकबाउंड', म्हणजे दगडाला बांधलेला. शक्तिवर्धक न लावता बोलणारा 'बेअरफूट', म्हणजे अनवाणी. व्हॉल्व्हचा जुना, उचलता न येणारा संच 'बोट अँकर', म्हणजे नावेचा नांगर.

८/ ही नावे ओळीने वाचावीत. मिशी, फळी, दगड, अनवाणी पाय, नांगर. यांत एकही आद्याक्षर नाही, एकही थोर पुरुष नाही. आहे ते स्वयंपाकघर, टंचाई आणि स्वतःवरच केलेली थट्टा. ज्यांची बोली अशी घडते, त्यांच्या स्वतःच्या नावापुरतेच तीन आडनावांचे शिलालेख कुठून आले?

९/ 'कथा निरुपद्रवी आहे, तिच्यामुळे मुले छंदाकडे वळतात,' असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. या कथेने शेकडो अनाम तारमास्तरांची बोली पुसली आणि श्रेय एका नामांकित विद्यापीठाच्या तिघांना दिले. कष्टकऱ्यांच्या तोंडचा शब्द प्रतिष्ठितांच्या नावावर चढवणे ही इतिहासातली चोरीच होय.

१०/ शिवाय या कथेत अपमान गळून पडतो, आणि अपमानाशिवाय पुढचे काहीच उमगत नाही. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशींना २०० मीटर व त्याखालच्या लहरींवर ढकलले, कारण दूरच्या संदेशवहनाला त्या निरुपयोगी समजल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये अमेरिकेचा श्नेल आणि फ्रान्सचा देलॉय यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केले. टाकाऊ ठरवलेल्या लहरींवरूनच पुढे जग बोलू लागले.

११/ या लहरींचा धागा मुंबईपर्यंत येतो. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर, म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. ही जागा हौशींच्या '४० मीटर' पट्ट्यातली. जागा बदलत चाललेले ते केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या हाती लागले. ज्या लहरी कधी कच्च्या गड्यांपुढे उष्ट्यासारख्या टाकल्या गेल्या, त्याच लहरींनी परकीय सत्तेची झोप उडवली.

१२/ इतिहासाची आवड असलेल्या तरुणाने म्हणूनच आद्याक्षरांच्या प्रत्येक कथेला तीन प्रश्न विचारावेत. हा शब्द आधी कोणत्या धंद्यात बोलला जाई? त्याचा सर्वांत जुना छापील पुरावा कोणता? आणि या कथेमुळे श्रेय कोणाकडून काढून कोणाला दिले जाते? 'हॅम'ची कथा तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचतसुद्धा नाही. ती पहिल्यालाच कोसळते. तरीही तिसरा प्रश्न विचारावाच, कारण खोट्या कथेचा खरा लाभार्थी तिथेच सापडतो.