वुजू करताना हातापायांकडे पाहा

कुष्ठरोगाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. डॉक्टरांनी रोग बरा झाल्याचं सांगितलं, घरच्यांनी शुक्र अदा केला. काही महिन्यांनी कोपर दुखू लागलं, करंगळी वाकू लागली. मग घरात कुजबुज सुरू होते: रोग उलटला का? भांडी वेगळी करायची का? लाजेपोटी दवाखाना लांबतो, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

असं का होतं? कुष्ठरोगाचे जंतू त्वचेत आणि नसांमध्ये राहतात. औषधाने ते मरतात, पण त्यांचे अवशेष बराच काळ आत पडून असतात. आपली रोगप्रतिकारशक्ती कधी कधी त्यांच्यावर तुटून पडते. नस सुजते. तिचं आवरण घट्ट असल्यामुळे सूज आतल्या तंतूंना दाबते. डॉक्टर याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. रिअ‍ॅक्शन कुणाला लागत नाही; भांडी वेगळी करण्याचं काही कारण नाही.

ही आग विझवण्याची सोयही अल्लाहने शरीरातच ठेवली आहे. काही रोगप्रतिकारक पेशी ‘इंटरल्यूकिन-१०’ नावाचा रासायनिक निरोप पाठवतात. तो भडकलेल्या पेशींना आवरतो आणि नसेला सांभाळतो. मात्र तो प्रमाणातच हवा. फार झाला तर जंतूंचंच फावतं. रिअ‍ॅक्शनमध्ये ही शांत करणारी ताकद अपुरी पडते, तेव्हा डॉक्टर सूज उतरवायला प्रेडनिसोलोन देतात.

इथे वेळ महत्त्वाची. ताकद किंवा संवेदना गेल्यापासून ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले, तर ती परत येण्याची आशा चांगली असते. गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. त्या स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. शुगर, ब्लडप्रेशर असेल तर आधी सांगा. कुष्ठरोगाचा कोर्स चालू असेल तर तोही थांबवू नका.

वुजू करताना रोज तपासा. पाणी गार की गरम, ते दोन्ही हातापायांना सारखं कळतं का? तोंड धुताना डोळा पूर्ण मिटतो का? चप्पल नकळत पायातून निसटते का? फरक जाणवला तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.

नवी मुंबईत महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पनवेलजवळ नेरे इथल्या शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीचं काम अनेक वर्षांपासून चालू आहे. अब्बा किंवा खाला एकटे जायला संकोचत असतील, तर घरातल्या कुणीतरी सोबत जावं.