आपल्या प्रार्थनेत वायरमन कधी येतो?

पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यापासून वेगळे होऊन ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा उपासनेनंतर बाहेर उभे राहून आपले आईबाप एकच बोलत होते. आता कचेऱ्या येतील, जागा निघतील, आपल्या पोराचं काहीतरी जमेल. जिल्हा झाला याचा आनंद आम्हालाही आहे. एकेका कागदासाठी छिंदवाड्याची चक्कर वाचली, हे काही कमी नाही. पण कचेरी आली म्हणून आपल्या पोराला तिच्यात खुर्ची मिळेलच असे नाही. मध्य प्रदेशात २०१७ साली पटवाऱ्यांच्या ९,२३५ जागा निघाल्या होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. म्हणजे एका खुर्चीमागे शंभराहून जास्त माणसे. ज्याला खुर्ची मिळाली त्याचा पेढा आपण खाल्ला. बाकीचे कुठे गेले? ते कुठेही गेले नाहीत, रविवारी आपल्याच शेजारी मागच्या बाकावर बसतात. पदवी नाही, किंवा अर्धी राहिली आहे. वय पंचवीस-सव्वीस झाले आहे आणि "सध्या काय करतोस?" हा प्रश्न नको म्हणून शेवटचे गीत संपायच्या आतच ते गाडीला किक मारतात.

परीक्षेचे दिवस आले की आपण मुलांना वेदीपुढे बोलावतो, त्यांच्यासाठी प्रार्थना करतो. ही रीत चांगलीच आहे आणि ती चालू राहावी. पण ज्या मुलाने बारावी सोडून मोटर रिवायंडिंगच्या दुकानात पहिला दिवस काढला, त्याला आपण कधी पुढे बोलावले? जी मुलगी शिलाई मशीनवर बसली, तिच्या कात्रीसाठी कधी प्रार्थना केली? त्यांच्याबद्दल आपण हळू आवाजात बोलतो. "शिकला नाही, म्हणून तिकडे लावला." हे "लावला" ऐकून त्या मुलाला काय वाटत असेल?

आपल्याला टेबलाची ओढ का आहे, तेही समजून घेतले पाहिजे. आपल्यातल्या अनेक घरांच्या आजा-पणज्यांना हाताचे काम त्यांनी निवडले म्हणून मिळाले नव्हते, ते जन्माने त्यांच्या माथी मारले होते. मिशनच्या शाळेत अक्षर ओळख झाली, मग कोणी मास्तर झाले, कोणी नर्स, कोणी रेल्वेत कारकून. त्या घरांसाठी टेबल म्हणजे सुटका होती. म्हणून कोणी उठून "श्रमाला प्रतिष्ठा द्या" असे भाषण केले की आमच्यातले म्हातारे गप्प बसतात, आणि त्यांचे गप्प बसणे आम्हाला समजते. पोरांनी पुन्हा त्याच जुन्या खुंट्याला बांधून घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. लादलेले काम आणि मन लावून शिकलेले कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच म्हणतो.

पंडिता रमाबाईंना हा फरक कळला होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला छिंदवाडा त्याच प्रांतात होता. तिथून त्यांनी अनाथ, उपाशी मुलींना नेऊन आसरा दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली वाचायला शिकल्या, आणि त्याचबरोबर विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना हेही शिकल्या. रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून केलेले मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यातच छापले गेले आणि त्याचे खिळे जुळवायला स्त्रियांचेच हात होते. भाषांतर करणारीचे नाव आपल्याला पाठ आहे, खिळे जुळवणारींपैकी एकीचेही नाही.

शास्त्राने मात्र कारागिराचे नाव जपून ठेवले आहे. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलाला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकूड कोरण्यासाठी. त्याच्या आधी २८ व्या अध्यायात अहरोनाची वस्त्रे शिवणाऱ्यांनाही ज्ञानाच्या आत्म्याने भरल्याचे सांगितले आहे. शिंपीच ना ते? पौल गमलिएलाच्या पायाशी शिकलेला माणूस होता, तरी करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेबरोबर राहुट्या शिवायला बसला. आपला प्रभू सुतार होता हे तर आपण नाताळात लेकरांना सांगतोच, आणि जानेवारीत स्थळ आले की विचारतो, "मुलगा नोकरीला आहे का?"

आता समाधानाचे बोलू, कारण तरुण आम्हाला तेच विचारतात. "डिग्री नाही, खुर्चीत बसून जीव घुसमटतो, मग मन रमेल असं काम कोणतं?" उत्तर आपल्या वावरातच आहे. पांढुर्ण्याला लागून असलेल्या वरूड तालुक्यात शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या रोपवाटिका प्रसिद्ध आहेत. तिथे थंडीत डोळे भरण्याचे काम चालते ते एकदा जाऊन पाहा. जंबेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की कारागीर उकिडवा बसतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतो, चांगल्या झाडाच्या डोळेकाडीवरून एक डोळा अलगद काढून चिरेत सरकवतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधतो. चीर खोल गेली तर लाकूड दुखावते, उथळ राहिली तर डोळा बसत नाही. डोळा मातीच्या फार जवळ भरला तर पुढे झाडाला डिंक्या लागण्याची भीती असते. झाड निवडण्यात चूक झाली, तर ती शेतकऱ्याला फळ धरल्यावरच कळते, म्हणजे चार-पाच वर्षांनी. तोवर शेतकऱ्याचा सगळा विश्वास त्या बोटांवर असतो. हे हात चालवणारा माणूस किती शिकलेला आहे, हे कोणी विचारत नाही. त्याचे किती डोळे लागले, हे विचारतात.

आमच्या मते समाधान येते ते असे. आपण केले ते काम डोळ्यांसमोर उभे राहते, कोणाच्या तरी उपयोगी पडते आणि दर वर्षी हात आधीपेक्षा सफाईने चालतो. बंद पडलेला पंप सुरू होऊन पाटात पाणी आले, की वायरमनला तेच मिळते. टेबलावरच्या कामात हे नसते असे नाही, पण ज्याला तिथे ते मिळत नाही त्याने ते दुसरीकडे शोधण्यात लाज कसली?

रस्तेही फार लांब नाहीत. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि आठवी उत्तीर्ण मुलालाही तो करता येतो. इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, दोन वर्षे जातात. सौंसरजवळ बोरगावला औद्योगिक क्षेत्र आहे, नागपूर दोन तासांच्या आत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा अठरा व्यवसायांसाठी २०२३ पासून विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पुढे दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज मिळते. पण आधी एखाद्या उस्तादाकडे महिनाभर नुसते जाऊन बसावे, असे आम्ही सुचवू. संध्याकाळी थकून घरी आल्यावरही सकाळचे काम आठवत राहिले, तर ते काम आपले. नाही आठवले तर एक महिनाच गेला, पाच वर्षे तर नाही गेली.

यात सगळे गोड नाही, हेही मुलांना सांगायला हवे. पावसाळ्यात काम बसते. पेन्शन नाही. हातमोजे न घालता खांबावर चढवणारे ठेकेदार आहेत, आणि हात भाजला की ओळख न देणारेही आहेत. यात आपला वाटा किती, तेही पाहू. चर्चमध्ये कष्टकऱ्यांचा सन्मान करणारे आपणच घरी आलेल्या प्लंबरशी पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. कापडाच्या दुकानात लिहिलेली किंमत मुकाट देतो, आणि ब्लाउज शिवणाऱ्या बहिणीला "आपलीच आहेस ना" म्हणून महिनाभर थांबवतो. मजूर आपल्या मजुरीला योग्य आहे, हे प्रभूने शिष्यांना बजावून सांगितले होते. त्यात ओळखीच्या माणसाला सूट मागावी असे कुठेही नाही.

आम्ही स्वयंसेवकांनी सध्या एक वही केली आहे. मंडळीतल्या कोणाकोणाच्या हाती कसब आहे आणि कोण एका पोराला किंवा पोरीला वर्षभर सोबत घेऊन शिकवेल, ते तिच्यात लिहितो. सोबत घेणाऱ्याने शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून काहीतरी पैसे द्यायचे आणि विजेचे काम असेल तर हातमोजे द्यायचे, एवढ्या दोनच अटी आहेत. शिंपीकाम, गवंडीकाम आणि संत्र्याची कलमे यांच्यापुढे नावे आली आहेत. परीक्षेच्या प्रार्थनेला या वर्षी शिकणारी मुलेही वेदीपुढे उभी राहतील, असे ठरले आहे. वही सोमवार ते शनिवार चर्चच्या ऑफिसात असते. पंप-मोटर दुरुस्तीचा रकाना अजून रिकामा आहे.